खड्डे मोजू नका, ओल मोजा



राज्य सरकारने २०१६ साली २ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. आकडा दरवर्षी फुगत गेला. आता मे महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही बरड गायरानावर जा आणि खड्डे किती, जिवंत झाडे किती, ते स्वतः मोजा. झाड मेले की दोष रोपाला, नाहीतर गरिबाच्या शेळीला. ओलीचा हिशेब कोणी मांडत नाही.

हा हिशेब कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवायला नको. झाड रोज ठरावीक पाणी पीत नाही. जमीन देईल तेवढेच पिते. ओल असली की पऱ्हाटी पाणी ओढते, वाढते. ओल तुटली की पानांची छिद्रे मिटतात, वाढ थांबते, पात्या आणि बोंडे गळतात. ज्वारी पान गुंडाळून पावसाची वाट पाहते. भारी काळ्या जमिनीत पाणी पुष्कळ मावते, पण शेवटचे पाणी ती मुळाला सोडत नाही. वर भेगा पडून मुळ्या तुटतात. मुरमाड जमीन पाणी सहज देते, पण तिच्या पोटात ते असतेच थोडे. मग मोताळ्याच्या डोंगरउताराला आणि पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्याला एकच रोप आणि एकच अंतर कसे चालेल?

रोपवाटिकेत रोज पाणी प्यायलेले रोप जुलैत बरडावर लावतात. पाऊस गेला की वरची वीतभर ओल लवकर उडते. तोवर मूळ खाली उतरले नसेल तर रोप उन्हाळा पाहत नाही.

झाडे दाट लावून जगवली तरी प्रश्न संपत नाही. चीनच्या लोएस पठारावर पाऊस आपल्याहून कमी. तिथे १९९९ पासून उतारावरची शेती बंद करून झाडे आणि गवत लावले. डोंगर हिरवे झाले, मातीची धूप घटली. पण दाट झाडांनी खोलवरची ओल पिऊन टाकली आणि पुष्कळ ठिकाणी पावसाने ती भरून येईना. खुरटलेल्या झाडांना तिथे ‘छोटी म्हातारी झाडे’ म्हणतात.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४००० लिटर पाणी. ते उतारावरून नाल्यात गेले तर रोप काय पिणार? पाणी अडवणे आपल्या माणसाला जमते. मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदान करून ते दाखवले आहे.

म्हणून ग्रामसभेत या मागण्या मांडा:

१. आधी समतल चर, मग मारवेल-पवन्यासारखे गवत, आणि ओल मुरल्यावरच झाड.

२. किती झाडे लावायची हे मातीची खोली पाहून ठरवा. बरडावर विरळ लावा. रोपाच्या आळ्यातले गवत काढा, बाकीचे राखा.

३. गायरान चराईला बंद केले तर तिथले गवत कापून नेण्याचा हक्क शेळ्या-गुरे पाळणाऱ्यांना द्या.

४. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात जगलेली झाडे गावासमोर मोजा. त्याआधी काम पूर्ण झाल्याचा दाखला नको.

दिवाळीनंतर सब्बल घेऊन गायरानावर जा. साहेबांना सोबत न्या. दोन फूट खणा आणि खालची माती मुठीत दाबून त्यांना दाखवा. लाडू वळला तर झाडाचे बोला. माती भुरभुर सांडली तर आधी चर खणायला सांगा.