तिला ‘म्यूज’ म्हणणं थांबवा

तो फोटो तुम्ही पिंटरेस्टवर किंवा इन्स्टावर नक्की पाहिला असेल. आखूड केस, काजळाने गडद केलेले डोळे आणि मनगटापासून पार कोपराच्या वरपर्यंत जाड हस्तिदंती बांगड्या. मॅन रेने १९२६ च्या सुमारास काढलेला. खाली कॅप्शन असतं : नॅन्सी क्युनार्ड, म्यूज. म्हणजे पुरुषांना लिहायला स्फूर्ती देणारी बाई.

मला या एका शब्दाचा भयंकर राग येतो.

नॅन्सी (१८९६–१९६५) कवी होती आणि प्रकाशक होती. क्युनार्ड बोटींच्या श्रीमंत घराण्यातली, हे खरं. ‘पॅरलॅक्स’ ही तिची दीर्घ कविता १९२५ मध्ये व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसने काढली. समीक्षकांनी ती ‘एलियटची नक्कल’ म्हणून निकालात काढली. एलियटची छाया तिच्यावर आहे, मान्य. पण त्या दशकात ती कोणावर नव्हती? बाकीच्यांवर ‘प्रभाव’ असतो, हिची मात्र ‘नक्कल’!

१९२८ मध्ये तिने नॉर्मंडीतल्या रेआनव्हिल गावी एक जुनं हातयंत्र विकत घेऊन अवर्स प्रेस सुरू केली. वुल्फ दांपत्याने आधीच बजावलं होतं की हात कायमचे शाईने बरबटतील. ही बाई तरीही खिळे जुळवायला शिकली. पैसे होते, कामगार ठेवून नुसतं नाव लावता आलं असतं. तिने स्वतः पानं बांधली, शाई लावली, पार्सलं केली. शिवाय खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा लेखकाला. (आपल्याकडच्या कवींनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.)

१९३० मध्ये तिने रिचर्ड ऑल्डिंग्टनसोबत एक स्पर्धा जाहीर केली. विषय ‘काळ’, शंभर ओळींच्या आत, बक्षीस दहा पौंड. चोवीस वर्षांच्या, कोणाला फारशा माहीत नसलेल्या एका आयरिश पोराने शेवटच्या रात्री कविता लिहून दाराखालून सरकवली. ती तिने निवडली आणि छापली. ‘होरोस्कोप’ हे सॅम्युअल बेकेटचं पहिलं स्वतंत्र पुस्तक. बेकेटच्या चरित्रात हा किस्सा त्याच्या प्रतिभेचा म्हणून येतो. वाचणाऱ्या डोळ्यांचं काय?

मग ‘नीग्रो’. हेन्री क्राउडर या कृष्णवर्णीय जॅझ पियानोवादकासोबत ती राहत होती, त्यावरून आईशी कायमचं बिनसलं. हार्लेमला गेली तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्याबद्दल वाट्टेल ते छापलं. तिने बदनामीचे दावे लावले आणि मिळालेली भरपाई या ग्रंथात घातली. १९३४ मध्ये आठशेहून जास्त पानांचा हा संग्रह आला. लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस त्यात आहेत, आणि फ्रेंच लेखांपैकी बरेच बेकेटने भाषांतरित केलेले.

ग्रंथात खोट आहेच. तिच्या स्वतःच्या लेखातला साम्यवादी आवेश इतका की द्यू बॉइसवरच ती घसरली. त्याच ग्रंथात त्याचं लेखन छापून! एका गोऱ्या श्रीमंत बाईने हे संकलन करावं का, असंही कोणी विचारेल. जरूर विचारा. पण असं विचारलं तर निदान तिच्या कामावर बोलणं होईल. ‘तिचे प्रियकर किती’ ही यादी आणि ‘हक्सलीने तिच्यावरून कोणतं पात्र बेतलं’ हे कोडं, यात कामाचा उल्लेखही येत नाही. लुई आरागाँ तिचा प्रियकर होता, हे सगळे सांगतात. त्याने केलेलं लुईस कॅरलच्या ‘स्नार्क’चं फ्रेंच भाषांतर तिच्याच छापखान्यातून १९२९ मध्ये निघालं, हे किती जण सांगतात?

१९६५ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या एका सार्वजनिक रुग्णालयात ती गेली. छापखान्याच्या आठवणींचं तिचं पुस्तक त्यानंतर चार वर्षांनी आलं. ते मिळालं तर जरूर वाचा. कागद, खिळे, शाई आणि बिघडलेली पानं यांच्याबद्दल ती ज्या जिव्हाळ्याने लिहिते, तो बांगड्यांच्या वाट्याला आलेला नाही.