इशारा गळाला, प्रश्न उरला
चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर रचलेल्या कथांतील हिंसा समाजाची दृष्टी बिघडवते का, हा वाद नवा नाही. ‘ट्वायलाइट’वर बेतलेली अशीच एक कथा २०११ मध्ये पात्रांची नावे बदलून ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ या नावाने आली. तिच्या मालिकेच्या १० कोटींहून अधिक प्रती खपल्या. नायिकेवर पाळत ठेवणाऱ्या नायकाची हुकमत प्रेम म्हणून रंगवल्याचा आक्षेप २०१५ मध्ये चित्रपट आल्यावर कौटुंबिक हिंसेविरोधी कार्यकर्त्यांनी घेतला.

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’सारख्या चाहतेकथांच्या संग्रहात बलात्कार, हिंसा यांचा इशारा कथेआधीच देण्याची पद्धत आहे. पुस्तकांच्या दुकानात ती नाही. केवळ वाचनाने वृत्ती बदलते, असे म्हणणे घाईचे ठरेल. परंतु अत्याचाराचे चित्रण आणि त्याचे उदात्तीकरण यांतील फरक वाचकाला कळायलाच हवा. बंदीने तो कळत नाही.