मिसिंग करतेय... पण कधी?

'पिकअप नाही', 'गचके देतेय', 'मिसिंग करतेय', 'चढाला दम टाकते'. वर्कशॉपच्या काउंटरवर आपण हे सगळं एका दमात बोलतो, चावी टेकवतो आणि ऑफिस गाठतो. संध्याकाळी बिल हातात. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ. आणि शुक्रवारी रात्री मालवणला निघालात की घाटात गाडीचं पुन्हा तेच रडगाणं!

बॉस, डॉक्टरला नुसतं 'बरं वाटत नाही' सांगितलं, तर तो तरी काय करणार?

मालवणात चिवला बीचजवळ राहणाऱ्या माझ्या मामांची पेट्रोल गाडी बेळगावला जाताना आंबोली घाटात गचके द्यायला लागली. सावंतवाडीपर्यंत लोण्यासारखी, चढ लागला की धाड् धाड्. वळणावर मागून एसटी, पुढे ट्रक आणि ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ढिम्म. ओव्हरटेक करायला गेलो असतो तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो. शहरातल्या एका वर्कशॉपने गाडी न चालवताच निदान केलं, पेट्रोल पंप बदला. खर्च हजारांत.

मामा परत मालवणात आले आणि नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाला, "आधी माका सांगा, धक्को कधी मारता? थंड आसताना काय तापल्यार? चढाक काय सपाटीक?"

ह्या 'कधी'मध्येच अर्धं निदान असतं. कसं, ते बघा.

सिग्नलवर गाडी शांत, पण चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावरच गचके? आधी प्लग आणि इग्निशन कॉइल तपासायला सांगा. इंजिनवर लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमकुवत कॉइल तिथेच मान टाकते.

हायवेवर बराच वेळ वेगात गेल्यावर गाडी मंदावते? मग फ्युएल फिल्टर आणि पंपावर संशय घ्या. सुटताना, अगदी हलका पाय ठेवल्यावर हिसका? थ्रॉटल बॉडीत काजळी असू शकते. सकाळी थंड इंजिन थरथरतं आणि तापल्यावर सुधारतं? कुठेतरी फाटक्या नळीतून जादा हवा आत जात असेल. आणि आरपीएमचा काटा वर पळतोय, पण वेग वाढत नाहीये? मग इंजिनला दोष देऊ नका, क्लच प्लेट घसरतेय.

आता मामांची केस. स्कॅनरवर कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग. मेकॅनिकने दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसात बदलल्या. कॉइल खराब असती, तर कोड तिच्यामागे तीनवर गेला असता. तो दोनवरच राहिला. मग प्लगची अदलाबदल. तरीही दोन! शेवटी त्याने दोन नंबरच्या कॉइलचा कपलर काढला. आतली पिन हिरवी पडलेली. खाऱ्या हवेची करामत. कपलर बदलला, बॅटरीच्या टर्मिनल साफ केल्या, काम फत्ते. पंप होता तिथेच आहे आणि गाडी आंबोली हसत चढते.

किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात समुद्राचं मीठ आणि पावसाळ्याची ओल वायरिंगच्या जोडांना शांतपणे खात असते. पावसात बंद ठेवलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तो बोनस. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल, तर जुन्या पेट्रोलवर घाट चढण्याआधी टाकीत ताजं पेट्रोल भरा. इंजिनवर प्रेशर पंपाने पाणी मारायची हौसही आवरा. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं की नवी मिसिंग सुरू.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलायची नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल, तर गाडी लवकर दाखवा. तो उघडझाप करत असेल, तर ॲक्सिलरेटर सोडा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि छोट्या कॉइलच्या कामाचं मोठं बिल होतं. गचके देणाऱ्या गाडीने घाटात ओव्हरटेक तर अजिबात नाही. 'जमेल रे' म्हणणाऱ्या मित्राला मागच्या सीटवर बसवा.

तर मंडळी, पुढच्या वेळी गाडी कुरकुरली की शेजारी बसलेल्याला मोबाईलमध्ये चार गोष्टी लिहून घ्यायला सांगा. इंजिन थंड की गरम, चढ की सपाट, कितवा गिअर, आरपीएम किती. वर्कशॉपमध्ये तो मेसेज दाखवा, मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा, आणि पार्ट बदलण्याआधी शांतपणे विचारा, "हाच खराब आहे हे कशावरून?"

उत्तर पटलं, तरच चावी द्या.