हिशेब आहे, पण कपाटात

2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका घाईघाईने संगणकावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि 24 ऑक्टोबरला राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. हे काम घेतलेल्या कंपनीशी करार कोणत्या अटींवर झाला, विलंब झाला तर दंड किती, हे प्रश्न विद्यार्थ्यांना पडले ते निकाल अडकल्यावर. निविदा आणि करार दोन्ही आधीच संकेतस्थळावर असते, तर ते वेळेत विचारले गेले असते.

हा उघडेपणा काही मेहेरबानी नव्हे. माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे. अंदाजपत्रक, नियोजित खर्च, वाटलेला पैसा हे सगळे कोणी न मागता जाहीर करावे, असे त्याचे कलम 4 सांगते. ‘आमची संस्था खासगी’ ही अनुदानित महाविद्यालयांची सबबही आता चालत नाही. सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणारी महाविद्यालयेही या कायद्याखाली येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही महाविद्यालयांच्या प्रकरणात 2019 मध्ये दिला.

तरीही हिशेब म्हणून हाती पडतो तो बहुधा स्कॅन केलेल्या पानांचा गठ्ठा. त्यात शब्द शोधता येत नाही, बेरीज ताडता येत नाही. परीक्षा शुल्कातून किती जमले, परीक्षांवर किती गेले, उरलेले कोणत्या मुदत ठेवीत आहे? शुल्क भरणाऱ्या घराला हे एका पानात कळायला हवे. लेखापरीक्षकाचे आक्षेप आणि त्यांवरची कार्यवाही त्याच पानामागे जोडावी.

हे विचारण्याची हक्काची जागा म्हणजे अधिसभा, आपली सिनेट. वार्षिक लेखे आणि लेखापरीक्षण अहवाल तिच्यापुढे येतात. पण मुंबईत 2022 मध्ये मुदत संपलेल्या पदवीधरांच्या 10 जागांची निवडणूक झाली सप्टेंबर 2024 मध्ये, तीही उच्च न्यायालयाच्या दारी जाऊन. दोन वर्षे पदवीधरांचा आवाजच नव्हता. (मतदार नोंदवले गेले होते जेमतेम 13 हजारांवर, पदवीधर मात्र लाखोंनी. हा दोष विद्यापीठाच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.)

पदवीधर असाल, तर पुढच्या मतदार नोंदणीत नाव घाला. आणि पाल्याच्या शुल्काचे काय होते हे जाणून घ्यायचे असेल, तर माहितीच्या अर्जाला 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. उत्तर देण्याची मुदत 30 दिवसांची आहे.