जाहीर आवाहन : रोहिणी वाचा, मग गच्चीकडे बघा

लातूर शहरातील सर्व उपासक-उपासिका, तरुण मित्र आणि शेजारच्या गल्ल्यांतील सर्वधर्मीय नागरिक यांस,



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतोय. आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात सतरंजी अंथरली जाईल आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन होईल. पहिल्याच खंडात रोहिणी नदी येते. दरवर्षी आपण ती ओलांडून पुढे जातो. या वर्षी तिथे थांबायचं आहे, म्हणून हे पत्रक.

म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट बाबासाहेबांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे काहीच पाहिलं नव्हतं, असं कसं मानायचं? त्यांनी कारण दिलं ते पाण्याचं. रोहिणीच्या एका काठाला शाक्य, दुसऱ्या काठाला कोलीय. आधी पाणी कुणी घ्यायचं, यावरून दोन्हीकडच्या गड्यांची मारामारी झाली, माणसं जखमी झाली आणि शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. आधी चौकशी करू, दोन्हीकडची माणसं बसवून तोडगा काढू, असं त्याचं म्हणणं होतं. मतदानात तो हरला आणि परिव्रज्या पत्करून बाहेर पडला. पुढे दोन्ही काठांचा समेट झाल्याची बातमी त्याला कळली, तरी तो परत फिरला नाही. भांडण मिटलं होतं, भांडणाचं मूळ तसंच होतं.

लातूरकरांना हा धडा समजावून सांगायची गरज नाही. २०१६च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून इथे जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पाऊस कमी पडला होता हे खरं. पण मांजरा धरण कोरडं पडत असताना जिल्ह्यात ऊस उभा होता आणि बोअर आणखी खोल जात होते, हेही तितकंच खरं.

त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट आमच्या समितीला शोभणारी नाही, तरी सांगतो. विहाराच्या बोअरला थोडं पाणी होतं. ते आपल्या गल्लीपुरतंच द्यायचं, असं आम्ही ठरवलं आणि नळाच्या तोटीला साखळी घालून कुलूप लावलं. मागच्या गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परत जाऊ लागल्या. रोज वाचनाला येणाऱ्या एक आजी तिथे उभ्या होत्या. किल्ली माझ्याकडे होती. त्या मला म्हणाल्या, “का रं बाबा, रोहिणीचा धडा तूच वाचला होतास ना? मग हे कुलूप कशाला?” उत्तर नव्हतं. कुलूप काढलं, प्रत्येक घराला दोन घागरी ठरल्या, वहीत नावं लिहिली गेली. मृगाच्या आधीच बोअर आटला. पण तोवर मारामारी झाली नाही.

आता वाटणीचा हाच प्रश्न साऱ्या जगापुढे आहे, फक्त तिथे पाण्याच्या जागी उष्णता आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून थोडं वरच गेलं. कोळसा आणि तेल ज्यांनी सर्वाधिक जाळलं त्यांच्या खोल्या थंड आहेत. ऊन लागतं ते बांधकामावरच्या मजुराला, वीटभट्टीवरच्या बाईला. कारणाशिवाय काही घडत नाही, हे बुद्धाने शिकवलं. वाढतं तापमान हे तर तृष्णेचं मीटरच आहे. २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेआधी दलाई लामा, थिक न्हात हान आणि इतर बौद्ध धर्मगुरूंनी जगाच्या नेत्यांना निवेदन दिलं. थायलंडमधले भिक्खू जंगलतोड अडवण्यासाठी झाडांना चीवर गुंडाळतात. आपण मात्र वंदना, आशीर्वाद गाथा आणि खीरदान उरकून घरी जातो. करुणा मनात ठेवली की झालं, असा आपला समज दिसतो.

खरं तर वर्षावासच मुळी करुणा कृतीत आणण्यासाठी आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर कोवळी रोपं आणि बारीक जीव पायांखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली, म्हणून एका जागी राहण्याचा नियम झाला. भिक्खूच्या मोजक्या सामानात पाणी गाळायचं फडकंही असतं. आणि कान्हेरीला गेलात तर नुसत्या मूर्तींसमोर फोटो काढू नका. लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी बघा. तिथल्या ब्राह्मी लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी दान म्हणून लेण्यांबरोबर पाण्याच्या पोढीही खोदून दिल्या. डोंगरावर पडलेला पाऊस पन्हळींतून त्यांत उतरतो. तेव्हाचा दानधर्म असा होता.

आपल्याला डोंगर फोडायचा नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३०० लिटर पाणी पडतं, आणि ते सगळं आपण गटारात सोडतो. यंदा विहाराच्या गच्चीचं पाणी पाइपने खाली आणून, विटांचे तुकडे, खडी आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून बोअरजवळ मुरवायचं आहे. आधी विहार, मग ज्यांची तयारी असेल त्यांची घरं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी निदान घरमालकाच्या कानावर घालावं.

रोहिणीचं प्रकरण होईल त्या संध्याकाळी वाचनानंतर तासभर बसू. कुठल्या गल्लीत किती बोअर, किती आटलेले, टँकर कधी येतो, उन्हात कामाला कोण जातं, हे सगळं वहीत उतरवू. मागच्या गल्लीतल्यांनी, मशिदीजवळच्या भावांनी यावंच. पाण्याची मोजणी एका गल्लीपुरती होत नाही. उन्हाळ्यात विहाराबाहेर दोन रांजण भरून ठेवायचे आहेत, रोज एका घराची पाळी. आणि १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, प्लॅस्टिकचे पाण्याचे पाऊच वाटायचे नाहीत. गेल्या वेळी मिरवणुकीनंतर नाली तुंबली ती आपल्याच पाऊचनी.

वर्गणी नको. पाइप आणि खडीची सोय झाली आहे. माणसं हवीत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता विहारामागे खड्डा खणायला घेतोय. फावडं, टोपलं आणि पिण्याचं पाणी घरून आणा.

आपला,
विहार समितीचा एक कार्यकर्ता