नऊ सेंटिमीटरची टॅक्सी

घाटकोपरात राहून मोटारींच्या प्रतिकृती करायच्या, तर पहिला मान शेजारच्या कुर्ल्याच्या लेकीचा! प्रीमियर पद्मिनी तिथल्याच कारखान्यात जन्मली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा; तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही घरी बसवली. आता ती पाहायची तर घडवायलाच हवी.

खरी गाडी जवळजवळ चार मीटर. ४३ पट लहान केली की नऊ सेंटिमीटर. हा चमत्कारिक आकडा खेळण्यातल्या आगगाडीकडून आला. फुटाला सात मिलिमीटर हे तिचे माप.

बाजारची गाडी आणावी, तळाचे रिव्हेट ड्रिलने उडवावे, जुना रंग काढावा. नवा मात्र पातळच द्यावा. गाडी लहान होते, रंगाचा थर होत नाही. दारांच्या फटी बुजतात. टप पिवळा, अंग काळे, वर तारेचा कॅरिअर, डाव्या अंगाला बाहेर मीटर.

"या पसाऱ्याचा उपयोग काय?" हा आमच्या सौ.चा सवाल. परवा शेजारच्या आजोबांनी गाडी तळहातावर घेतली. त्यांनी ३० वर्षे टॅक्सी चालवलेली. मीटर टाकल्यासारखे नख फिरवून ते हळूच म्हणाले, "बोला साहेब, कुठं जायचं?"

तेव्हापासून जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा माझा आहे.