सेना राष्ट्राची की पक्षाची?

१९७९ च्या फेब्रुवारी महिन्यात भारताचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनच्या भेटीवर गेले होते. १९६२ च्या विश्वासघातानंतर भारताच्या परराष्ट्रमंत्र्याने त्या भूमीवर पाऊल ठेवण्याचा तो पहिलाच प्रसंग. पाहुणा घरात असतानाच, १७ फेब्रुवारीला, चिनी सेना व्हिएतनाममध्ये घुसली. वाजपेयी दौरा आटोपता घेऊन मायदेशी परतले. जगभरच्या श्रमिकांच्या ऐक्याचे गोडवे गाणाऱ्या दोन कम्युनिस्ट राजवटी एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. याचा खुलासा करताना आपल्याकडील डाव्या पंडितांची केवढी तारांबळ उडाली असेल!

त्या आक्रमणाची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. आक्रमण करणाऱ्या सेनेची अवस्था मात्र फारशी कोणी पाहिली नाही. चिनी सेनेत त्या वेळी हुद्देच नव्हते. कर्नल नाही, कॅप्टन नाही. सर्वांच्या टोपीवर तोच लाल तारा, गळपट्टीवर तीच लाल फीत. अधिकाऱ्याच्या कोटाला चार खिसे आणि शिपायाच्या कोटाला दोन, एवढीच काय ती ओळख. डोंगराळ मुलुखात तुकड्यांची सरमिसळ झाली की हुकूम कोणी द्यायचा आणि कोणी पाळायचा, हेच कळेनासे होई. १९६५ मध्ये हे हुद्दे रद्द झाले होते. हुद्दा म्हणजे विषमता आणि विषमता म्हणजे भांडवलशाहीचा अवशेष, असे पोथी सांगत होती. सीमेपलीकडच्या शत्रूशी या निर्णयाचा काडीमात्र संबंध नव्हता.

चीनमध्ये व्यावसायिक सेनेची जाण असलेले कोणी नव्हतेच, असे नाही. कोरियाच्या युद्धात अमेरिकेच्या अग्निबळाचा अनुभव घेतलेले मार्शल पेंग देहुआई संरक्षणमंत्री होते. १९५५ मध्ये हुद्दे आले, प्रशिक्षणाला शिस्त आली, ती त्यांच्याच कारकीर्दीत. १९५९ च्या उन्हाळ्यात लुशान येथे भरलेल्या पक्षाच्या बैठकीत या सेनानीने माओला एक पत्र लिहिले. ‘मोठ्या झेपे’च्या नावाखाली खेड्यापाड्यांतून चाललेल्या अनर्थाकडे त्याने लक्ष वेधले होते. माओने ते पत्र पक्षद्रोह ठरवले. पेंग यांचे मंत्रिपद गेले. पुढे सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्ड्सनी त्यांना जनसभांतून मारहाण केली आणि १९७४ मध्ये हा वीर बंदिवासात मेला. चार वर्षांनी पक्षाने त्यांना निर्दोष ठरवले.

मग १९६२ चे काय, असा प्रश्न वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. आपल्यावर चालून आली ती पेंग यांच्या हाताखाली घडलेली, कोरिया आणि तिबेटमध्ये तावून सुलाखून निघालेली, हुद्दे आणि शिस्त शाबूत असलेली सेना होती. समोर आपले जवान शौर्यात तसूभरही कमी नव्हते. कमी पडले ते दिल्लीतील ‘भाई-भाई’च्या धुंदीतले राज्यकर्ते.

पेंग यांच्या जागी आलेले लिन बियाओ यांनी सेनेला पोथीच्या स्वाधीन केले. माओवचनांचे ते प्रसिद्ध लाल पुस्तक १९६४ मध्ये प्रथम छापले गेले, तेही सैनिकांसाठी. शस्त्रापेक्षा विचार श्रेष्ठ, हे सूत्र झाले. अणुबाँबला कागदी वाघ म्हणणाऱ्या माओने त्याच वर्षी लोप नोर येथे स्वतःचा अणुबाँब मात्र फोडून घेतला! ‘लोकयुद्धा’ची हीच पोथी भारतात नक्षलवाद्यांनी डोक्यावर घेतली आणि गडचिरोलीच्या वनवासींनी तिची किंमत पुढे कित्येक दशके मोजली. खुद्द लिन बियाओ १९७१ मध्ये मंगोलियात विमान कोसळून मेले. दोनच वर्षांपूर्वी पक्षाच्या घटनेत माओचे वारस म्हणून ज्यांचे नाव कोरले गेले, ते मृत्यूनंतर देशद्रोही ठरले.

या काळात चीनने युद्धसज्जतेवर खर्च केला नाही, असे कोणी म्हणणार नाही. १९६४ पासून ‘तिसरी आघाडी’ या नावाने कारखाने किनाऱ्यापासून दूर, डोंगरदऱ्यांत विखरून उभारले गेले. बाजारपेठ कुठे, कोळसा कुठे, वाहतूक कशी, हे प्रश्न विचारणे म्हणजे क्रांतीवर शंका घेणे होते. चोंगचिंगजवळ फुलिंग येथे १९६७ मध्ये एक अख्खा डोंगर पोखरून ‘८१६’ या सांकेतिक नावाचा अणुप्रकल्प सुरू झाला. हजारो सैनिक वर्षानुवर्षे ती गुहा खोदत राहिले. १९८४ मध्ये काम थांबवले गेले. प्लुटोनियमचा कणही तिथे तयार झाला नाही. २०१० पासून तिकीट काढून पर्यटक ती गुहा पाहतात.

डेंग शियाओपिंग यांनी १९७५ मध्येच सेना फुगलेली, ढिली आणि आळशी झाल्याचे बजावले होते. व्हिएतनामच्या अनुभवानंतर त्यांनी खोगीरभरती कमी केली. १९८८ मध्ये हुद्दे परत आले. आजची चिनी सेना १९७९ ची नव्हे. तिची क्षेपणास्त्रे आणि युद्धनौका कोणी हलक्याने घेऊ नयेत. परंतु ती राष्ट्राची सेना झाली काय? सेनापतीच्या बरोबरीने सही करणारा राजकीय कमिसार आजही प्रत्येक मोठ्या तुकडीत आहे. २०१४ मध्ये शी जिनपिंग यांनी वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची परिषद फूजियान प्रांतातील गुटियान येथे भरवली. सेनेवर पक्षाचीच हुकमत राहील, हे १९२९ मध्ये ठरले ते याच गावी. त्यानंतर शी यांनीच नेमलेले वेई फेंगहे आणि ली शांगफू हे दोन संरक्षणमंत्री २०२४ मध्ये पक्षातून हाकलले गेले. २०२५ मध्ये जनरल हे वेईडोंग यांची पाळी आली. आरोप भ्रष्टाचाराचे. ते खरेही असतील. तथापि आरोपपत्रात पक्षनिष्ठेचा भंग हा मुद्दा कधीच सुटत नाही.

गलवानच्या खोऱ्यात १५ जून २०२० च्या रात्री आपले २० जवान धारातीर्थी पडले आणि दुसऱ्याच दिवशी देशाला ते कळले. चीनने आपल्या चार मृतांची नावे जाहीर केली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये, आठ महिन्यांनी, पक्षाला सोयीचे वाटले तेव्हा.